ड्रायव्हरमामांचं चालणं

मामांच्या शेजारी गाडी थांबवून ‘चला, सोडतो’ असं कुणी म्हणालं, की तो माणूस त्या रस्त्यावर नवा आहे हे ओळखावं. भोरवरून महाडकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावरच्या जुन्या माणसांनी मामांना विचारणं कधीच सोडून दिलं होतं. नवख्याला मामा हात जोडायचे, त्याच्या गाडीभोवती एक नजर फिरवायचे, ‘म्होरच्या डाव्या टायरात हवा कमी हाय’ असं काहीतरी सांगायचे आणि चालायला लागायचे. तो माणूस पुढं जाऊन खरंच हवा तपासायचा. मामांचं टायरच्या बाबतीत कधी चुकलं नाही.

मी त्या भागात उपकेंद्रावर सिस्टर होते. हिर्डोशीच्या अलीकडचं, धरणाच्या काठचं गाव. उपकेंद्राची राहायची खोली पावसाळ्यात गळायची, म्हणून मी मामांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली आणि पाच वर्षं तिथंच राहिले. गावातल्या बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर होतं. घरात मामा आणि मामी, दोघंच. मुलगा कापूरहोळला एका गॅरेजमध्ये कामाला होता, तो सणासुदीला यायचा. मामा एसटीत ड्रायव्हर होते, म्हणून सगळा गाव त्यांना ड्रायव्हरमामा म्हणायचा. मला वाटतं, त्यांचं खरं नाव गावातल्या निम्म्या लोकांना आठवायला वेळ लागला असता.

आयुष्यभर गाडी चालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून कुठल्याच गाडीत बसत नव्हता. एसटीत नाही, टेम्पोत नाही, मुलाच्या मोटरसायकलवर नाही. भोरला जायचं तर पहाटे निघून चालत जायचे, बहिणीकडे मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी चालत परत यायचे.

यामागचं कारण त्यांनी मला मी राहायला आले त्याच आठवड्यात सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या काळात तपासणीत त्यांचं बीपी वाढलेलं सापडलं. वरंध घाटाची फेरी त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना हलकं काम दिलं. उरलेली नोकरी त्यांनी डेपोच्या फाटकापाशी खुर्चीवर बसून काढली. ज्या घाटात त्यांनी आयुष्यात एकदाही गाडी घासली नव्हती, तिथं जाणाऱ्या गाडीचा नंबर ते वहीत लिहीत बसायचे. ‘माज्या हातातली गाडी बीपीनं काढली,’ ते म्हणाले, ‘आता मी बीपीला सोडत न्हाई.’ डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली होती, मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि रोज अर्धा तास चालायला. मामांनी अर्ध्या तासाचा अर्धा दिवस केला.

त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. रस्त्याच्या कडेनं, एका लयीत, हात किंचित पुढं. आंधळ्या वळणावर ते घसा खाकरायचे, समोरून येणाऱ्याला कळावं म्हणून. घाटातला नियम चढणाऱ्याला आधी वाट देण्याचा, तो ते पायी चालतानाही पाळायचे. समोरून चढावर कुणी म्हातारं माणूस आलं, शेरडं आली, तरी मामा बाजूला होऊन थांबायचे. घरी आले की एका दोनशे पानी वहीत लिहायचे. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, उशीर झाला असेल तर कारण. ती वही मी पुष्कळदा वाचली आहे. ‘उशिराचे कारण: म्हैस आडवी.’ ‘उशिराचे कारण: पाहुणे भेटले, बोलले.’ एकदा नुसतंच ‘धुके.’

मंगळवार हा माझा तपासणीचा दिवस. मामा बरोबर नवाला उपकेंद्राच्या दारात हजर. बीपी बघण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं लागतं, ही एकच गोष्ट त्यांना जड जायची. तरी बसायचे. पाय जमिनीला टेकवून, डोळे मिटून, हात टेबलावर. मी पट्टा बांधला की श्वास रोखायचे आणि मी ‘श्वास घ्या मामा’ म्हटलं की हसायचे. सुरुवातीला वरचा आकडा एकशेसत्तरच्या पुढं असायचा. दीड वर्षात तो एकशेतीस-पस्तीसवर आला. त्या दिवशी त्यांनी उपकेंद्रातल्या सगळ्या लोकांना तो आकडा सांगितला, अगदी लस द्यायला आणलेल्या तान्ह्या मुलांच्या आयांनाही.

मग तेच झालं जे पुष्कळांचं होतं. आकडा उतरला म्हणून त्यांनी मला न सांगता गोळी बंद केली. तिसऱ्या मंगळवारी मशीननं एकशेअडुसष्ट दाखवलं. मी पुन्हा बघितलं, तेवढंच. मी रागावले. मामा म्हणाले, मी चालतो की रोज, मग गोळी कशाला. मी म्हणाले, चालण्यानं उतरतं हे खरं, पण तुमचं नुसत्या चालण्यानं भागत नाही, दोन्ही लागतं. ते उठून गेले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या मंगळवारी आले ते गोळीचं पाकीट घेऊन. पाच मिनिटं बसले, पट्टा बांधून घेतला आणि मग म्हणाले, ‘सिस्टर, घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर ब्रेक तापत्यात. गिअरमधी धरायला लागती. आन् नुसत्या गिअरवर पण भागत न्हाई. मला हे कळायला पायजे होतं. तीस वर्सं तेच करत होतो.’

त्यानंतर मी प्रत्येक पेशंटला हेच सांगायला लागले. आजही सांगते. कुणाचं आहे ते सांगत नाही.

चालण्याचा त्यांचा हट्ट किती टोकाचा होता ते मुलाच्या लग्नात सगळ्यांनी पाहिलं. मुलगी कापूरहोळच्या पलीकडची. वऱ्हाड टेम्पोनं जाणार होतं. मामा आदल्या दिवशीच पहाटे पिशवीत नवा सदरा घालून चालत निघाले. दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पो मांडवापाशी पोचला, तर नवऱ्या मुलाचे वडील मुलीकडच्यांच्या बरोबर उभे राहून आमचं स्वागत करायला हजर. सगळे हसले. मुलीकडच्यांना वाटलं ही काहीतरी रीत असेल.

त्या टेम्पोत मी मामींच्या शेजारी बसले होते. मामींच्या अंगावर नवी जांभळी साडी होती आणि हातांना हळदीचा वास येत होता, कारण त्या पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात होत्या. बायका त्यांना चिडवत होत्या, नवरा सोडून एकटीच निघालीस लग्नाला. मामी हसत होत्या. मग मला हळू आवाजात म्हणाल्या, ‘ह्यांचं चालणं लई कौतुकाचं हाय. समदी इच्यारत्यात, मामा किती चालले. मला कुनी इच्यारत न्हाई.’ त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नव्हत्या. मीही हसले आणि विषय तिथंच राहिला.

मामींबद्दल मी इतका वेळ काही लिहिलं नाही. त्या घरातही असंच व्हायचं.

मामी सगळ्यांच्या आधी उठायच्या. शेण, पाणी, चूल, भाकरी, गोठा, मग भाताच्या खाचरात, मग माळावर गवताला, मग पुन्हा चूल. माझा डबासुद्धा त्याच करायच्या, मी नको म्हणत असताना. त्यांना बसलेलं मी फक्त भाकरी थापताना पाहिलं. मामा गावातल्या सगळ्यांच्या मागं लागायचे. चहाच्या टपरीसमोरच्या कठड्यावर बसलेल्या माणसांपुढं उभे राहून म्हणायचे, चला, धरणाच्या कडेनं एक फेरी. माणसं हसायची, पण दोघंतिघं उठायची. घरातल्या बाईला मात्र त्यांनी कधी चल म्हटलं नाही. मी एकदा सहज विचारलं होतं. ते म्हणाले, ‘तिला कशाला? ती दिसभर चालतीच की.’ आणि मला ते पटलं. सिस्टर असून पटलं. दिवसभर इतकं राबणाऱ्या बाईला बीपी कुठलं, असं मीही धरून चालले.

उपकेंद्रात एक रजिस्टर असतं. गावातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचं बीपी वर्षातून एकदा तरी मोजायचं आणि तिथं लिहायचं. मामींना मी दोनतीनदा म्हटलं, या ना एकदा मोजू. त्या म्हणायच्या, आज नगं, दूध तापतंय. उद्या बगू, गवत वाळत टाकलंय. उपकेंद्रातून आले की मशीन माझ्याच खोलीत, भिंतीपलीकडे असायचं. चार पावलांवर. पण एकाच घरात राहतोय, कधीही मोजता येईल, असं म्हणून ते राहत गेलं. वर्षअखेरीला रजिस्टर पूर्ण करून द्यायचं होतं. मामींच्या नावापुढचा रकाना मोकळा होता. मी तिथं १२०/८० लिहिलं. न मोजता लिहिलं. पुढच्या वर्षीही तसंच लिहिलं, कारण एकदा लिहिल्यावर दुसऱ्यांदा हात थांबत नाही.

त्यानंतरच्या भाद्रपदात मामींचं डोकं मागच्या बाजूनं दुखायचं. त्या बाम चोळायच्या आणि डोक्याला पदर घट्ट बांधायच्या. मी एकदा दुखण्यावरची गोळी दिली आणि उद्या नक्की मोजू म्हणाले. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, वाड्यावस्त्यांवर फिरायचं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मी निघायच्या तयारीत असताना गोठ्यातून कळशी पडल्याचा आवाज आला.

मामी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी सांगत होत्या, पण शब्द उमटत नव्हते. उजवा हात उचलायला सांगितला, तो मांडीवरून हललाच नाही. मी मशीन आणलं. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा मामींच्या दंडाला पट्टा बांधला. दोनशेदहाच्या वर होतं.

मी फोन लावला. अॅम्ब्युलन्स भोरवरून निघत होती. ती वर येऊन परत खाली जाणार, आणि अशा झटक्यात मिनिटांचा हिशेब असतो हे मला माहीत होतं. आपण अर्ध्या वाटेवर गाडी गाठू, असं मी म्हणाले. शेजारच्यांचा टेम्पो अंगणात उभा होता, पण चालवणारा माणूस कामाला गेला होता. मी मामांकडे पाहिलं. ते शेजाऱ्यांच्या दारात जाऊन खुंटीवरची किल्ली घेऊनही आले होते.

टेम्पोत गोधडी टाकून आम्ही मामींना कुशीवर झोपवलं. मी त्यांचं डोकं धरून मागं बसले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच मामांनी चालवलेल्या गाडीत बसले होते. त्या रस्त्याला त्या दिवसांत खड्डे किती असतात ते तिकडं राहणाऱ्यांना सांगायला नको. पण मामींच्या डोक्याला एकही दणका बसला नाही. गाडी जोरात चालली होती आणि तरी पाण्यावरून चालल्यासारखी. मामा एकदाही मागं वळले नाहीत, काही विचारलं नाही. निगुडघरपाशी अॅम्ब्युलन्स भेटली. मामींना आत घेतलं, आम्ही दोघं चढलो. मामा मामींच्या पायापाशी बसले. त्यांचे दोन्ही हात पुढं तसेच होते, स्टेअरिंग धरल्यासारखे. बराच वेळ ते खाली आले नाहीत.

भोरवरून पुण्याला पाठवलं. मामी वाचल्या. पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दोनचार शब्द उरले, तेही जागच्या जागी यायचे नाहीत. पाणी हवं असलं तरी ‘गाय’ म्हणायच्या.

पुण्याहून आल्यावर तिसऱ्याच दिवशी मामा उपकेंद्रात आले. मंगळवार नव्हता. म्हणाले, तिथले डॉक्टर विचारत होते, हिला बीपी किती वर्षांपासून आहे, आधी कधी मोजलं होतं का. तुमच्या वहीत असेल ते लिहून द्या.

मी रजिस्टर काढलं. नसतं काढलं तरी चाललं असतं. सापडत नाही म्हणता आलं असतं. पण ते समोर उभे होते. मी पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. मामांना बीपीचे आकडे कळत होते, मीच समजावले होते. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत नेलं आणि त्या आकड्यावर थांबवलं.

‘एकशेवीस-ऐंशी,’ ते म्हणाले. ‘हे कवा मोजलं?’

‘मोजलं नाही, मामा.’

‘आन् हे मागच्या वर्साचं?’

‘तेही नाही. मी तसंच लिहिलं.’

बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं. मामांचं बोट त्या ओळीवरच होतं. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, माझं किती वेळा मोजलं असेल तुम्ही? मी म्हणाले, दर मंगळवारी. ते मनात काहीतरी जुळवत राहिले. मग म्हणाले, ‘तुमी एकट्याच न्हाई सिस्टर. मी दर मंगळवारी घरी येऊन तिला माजा आकडा सांगायचो. तुजा किती, हे मला इच्यारायचं सुचलं न्हाई.’

ते जायला निघाले आणि दारातून परत आले. ‘ते खोडा,’ म्हणाले. ‘उद्या कुनी वही बगितली तर म्हनंल, हिला काय नव्हतंच. तिला व्हतं. ते खोडा.’

मी त्यांच्यासमोर दोन्ही आकड्यांवर रेघ मारली आणि बाजूला ‘मोजले नाही’ असं लिहून सही केली. पुढच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनाही मी ते सांगितलं. मला लेखी खुलासा द्यावा लागला, बोलणीही बसली. त्याचं मला काही वाटलं नाही. मामांनी गावात कुणालाही एक शब्द सांगितला नाही. मी खोली सोडते म्हणाले तर म्हणाले, हितंच राव्हा, तिला तुमची सवय हाय. हे ऐकणं मला खुलासा लिहिण्यापेक्षा जड गेलं.

त्यानंतर मामांचं भोरला चालत जाणं थांबलं. मामींचं सगळं काम त्यांच्या अंगावर आलं. मुलगा-सून कापूरहोळला चला म्हणत होते, मामी मान हलवून नको म्हणायच्या. मामा भाकरी करायला शिकले. पहिले पंधरा दिवस त्या भाकरीला आकार नव्हता. मामी ओट्यावर टेकून बघत राहायच्या आणि डाव्या हातानं हवेत गोल काढून दाखवायच्या. शेण, पाणी, गवत, खाचर, सगळं मामा करायचे. एका मंगळवारी त्यांचं बीपी पुन्हा एकशेसाठच्या वर गेलेलं सापडलं. गोळी रोज घेत होते. मी विचारलं, झोप होते का, दमता का. ते पाच मिनिटं बसले होते ते उठलेच नाहीत.

‘मला वाटायचं ही दिसभर चालती,’ ते म्हणाले. ‘हे चालणं न्हवं, सिस्टर. मी चालायचो तवा डोस्कं रिकामं व्हायचं. झाडं बगायचो, गाड्या बगायचो. हितं एक काम करताना म्होरचं दिसत असतंय. पाणी आनताना चूल दिसती, चुलीपाशी गाय दिसती. पाय चालत्यात, पन डोस्क्याला सुट्टी न्हाई. हिला चाळीस वर्सं सुट्टी न्हवती.’

मी ते तेव्हा कुठं लिहून ठेवलं नाही, पण एक शब्दही विसरले नाही.

त्यांचा विक्षिप्तपणा गेला असं मात्र नाही, त्यानं वेगळी वाट धरली. मंगळवारी ते उपकेंद्राच्या पायरीवर उभे राहायला लागले. एखादा माणूस बीपी दाखवायला एकटा आला की विचारायचे, कारभारीण कुठंय? घरी आहे म्हटलं की म्हणायचे, मग तिला घेऊन या, मग तुमचं बघू. मी आतून म्हणायची, मामा, असं करू नका, त्यांना येऊ द्या. ते माझं ऐकायचे नाहीत. दोघंतिघं चिडले, एकानं सरपंचांकडे तक्रारही केली. पण बायका यायला लागल्या. होळीच्या आत त्या एका गावात मला अकरा बायका अशा सापडल्या, ज्यांचं बीपी वाढलेलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. त्यातल्या दोघींच्या नावापुढंही माझ्या हातचे खोटे आकडे होते. तेही मी खोडले.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली वेल्ह्याच्या बाजूला, पानशेतच्या वरच्या अंगाला झाली. निघाले त्या दिवशी मामी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी माझा हात धरला आणि ‘भाकर, भाकर’ म्हणाल्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. मामांनी सांगितलं, जेवून जा म्हणती.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मुलाचा फोन आला. मामींना दुसरा झटका आला होता आणि या वेळी कुठं न्यायला वेळच मिळाला नव्हता. मला अंत्ययात्रेला पोचता आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या आठवणीत वंदना करायच्या दिवशी गेले. विहारात माणसं मावत नव्हती. बायका जास्त होत्या. वंदना झाली, चारदोन माणसं बोलली. मामांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, हात जोडले आणि परत बसले.

जेवणं उरकल्यावर मी माझं मशीन काढलं. मामांनी हात पुढं केला. एकशेअठ्ठेचाळीस. मी विचारलं, गोळी घेता ना? घेतो, म्हणाले, ती सकाळी डाव्या हातानं डबी म्होरं ढकलायची, म्हणून सवय लागली. मग म्हणाले, चला, थोडं जाऊ.

आम्ही रस्त्यानं निघालो. ऊन उतरलं होतं. मामा आता हळू चालत होते, माझ्याच्यानं सहज गाठता येईल इतकं. घरापासून लांब नाही, शेवटच्या घराच्या पुढं रस्ता वळतो आणि तिथून धरणाचं सगळं पाणी एकदम दिसतं. तिथल्या दगडावर ते बसले आणि मला त्यांनी मी गेल्यानंतरचं सांगितलं.

मामींना रोज चालवायला पाहिजे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा खाटेपासून दारापर्यंत. मग अंगण. मग रस्ता. मामा डाव्या बाजूला न धरता उजव्या बाजूला राहायचे, म्हणजे चांगला हात मोकळा राहतो. शेवटच्या घरापर्यंत यायला दिवाळी उजाडली. तिथून या वळणापर्यंत यायला आणखी दोन महिने. ज्या संध्याकाळी त्या पहिल्यांदा इथपर्यंत आल्या त्या संध्याकाळी मामांनी त्यांना याच दगडावर बसवलं. मामी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळे शब्द जागच्या जागी ठेवून बोलल्या.

‘हितनं पाणी दिसतं,’ त्या म्हणाल्या.

मामा म्हणाले, अगं, चाळीस वर्षं हितनंच जातीस की तू. त्यांनी मान हलवली. नाही. त्या रस्त्यानं त्या रोज गेल्या होत्या, गवताचा भारा घेऊन, पाणी घेऊन, सरपण घेऊन. भारा डोक्यावर असला की माणूस पायाखाली बघतं.

‘त्या दिसापास्नं रोज हितं यायचो,’ मामा म्हणाले. ‘शेवटच्या दिसापर्यंत. पन एक गोष्ट तिला जमली न्हाई.’ खाली पाण्यावर ऊन होतं, पलीकडच्या डोंगराची सावली अर्ध्यावर आली होती.

मग त्यांनी आपला डावा हात उचलला आणि डोक्यापाशी, केसांच्या जरा वर, हवेत धरला.

‘चालताना तिचा हात असा वर जायचा,’ ते म्हणाले. ‘भारा सावरायला. मी म्हनायचो, काय न्हाई डोक्यावर, खाली घे. ती खाली घ्यायची. दहा पावलं गेली की परत वर.’